यामाहा एफएस८०० आणि सी४० : पहिली गिटार म्हणून

माझ्याकडे सध्या दोन गिटारी आहेत. एक पोलादी तारांची यामाहा एफएस८०० आणि दुसरी नायलॉनच्या तारांची यामाहा सी४०. पहिली मी स्वतः शिकण्यासाठी घेतली, दुसरी भाचीसाठी, आणि गेली चार वर्षे दोन्ही जवळजवळ रोज वाजवल्या जातात. दोन्हींची गणना नवशिक्यांच्या गिटारीत होते. म्हणून ज्याने आजवर गिटार हातात धरलेली नाही आणि आता पहिली घ्यायची आहे, असा वाचक डोळ्यांसमोर ठेवूनच हे परीक्षण लिहीत आहे. मात्र या दोन्हींच्या आधी माझ्याकडे एक तिसरी गिटार होती, आणि तिची हकिकत सांगितल्याशिवाय या दोन गिटारींत मी नेमके काय पाहिले ते नीट सांगता येणार नाही.

ती गिटार मी केवळ दिसण्यावरून घेतली होती. काळी, चकचकीत, कडेला पांढरी किनार असलेली आणि मोठ्या पोटाची. पिशवी, पट्टा, पिक (तारा छेडायची छोटी चकती) आणि तारांचा एक जादा संच असे सगळे एकाच खोक्यात आले, त्यामुळे निवडण्यासारखे काही उरलेच नाही याचा त्या वेळी आनंदच वाटला. बोटांची टोके सुरुवातीला दुखतात हे ठाऊक होते, तेव्हा दुखण्याबद्दल तक्रार नव्हती. कोड्यात टाकणारी गोष्ट वेगळी होती. ट्यूनरवर, म्हणजे स्वर बरोबर लागला का ते दाखवणाऱ्या यंत्रावर, सहाही तारा अचूक लावून घेतल्या तरी सी कॉर्ड (एकत्र वाजवायच्या स्वरांचा एक मेळ) धरला की तो किंचित चढा आणि बेसूर लागायचा, आणि तर्जनी तारांवर आडवी टाकून धरायचा एफ कॉर्ड तर कितीही जोर लावला तरी वाजायचाच नाही. सहांपैकी दोन तारा मुक्या राहायच्या आणि तिसरी खरखरायची. तीन महिन्यांनी मी स्वतःशी ठरवून टाकले होते की आपल्या कानात सूर नाही आणि बोटांत ताकद नाही, आणि गिटार कपाटावर गेली.

ती खाली काढली ती विकण्यासाठी. विकण्यापूर्वी एकदा दाखवून घ्यावी म्हणून वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांकडे नेली. त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, जाड तार तिसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) दाबून धरली आणि पहिल्या फ्रेटच्या वर राहिलेली फट मला दाखवली. “इथे कागद जेमतेम सरकावा, इतकीच फट हवी. तुमच्या गिटारीत बघा काय जातंय,” असे म्हणून त्यांनी खिशातले प्लॅस्टिकचे ओळखपत्र काढले आणि ते त्या फटीत अलगद सरकवून दाखवले. मग बाराव्या फ्रेटवर पोलादी पट्टी उभी धरून त्यांनी उंची मोजली. जाड तारेखाली चार मिलिमीटरांहून अधिक अंतर होते. “बोटांत काही दोष नाही तुमच्या,” ते म्हणाले, “या गिटारीवर मीही एफ धरून दाखवू शकणार नाही.”

तारांच्या या उंचीला गिटार वाजवणारे ‘अ‍ॅक्शन’ म्हणतात, आणि पहिली गिटार निवडताना पाहायच्या सगळ्या गोष्टींत मी हिला पहिले स्थान देतो. लाकूड, रंग, कंपनी, आकार हे सगळे त्यानंतर. उंची ठरते ती दोन ठिकाणी. मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात तो नट, आणि पोटावरच्या ब्रिजमध्ये बसवलेली पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल. नटच्या खाचा उथळ असल्या की त्याचा सर्वाधिक त्रास पहिल्या दोन-तीन फ्रेटवर होतो, आणि नवशिक्याचे सगळे कॉर्ड नेमके तिथेच असतात. शिवाय उंच तार फ्रेटपर्यंत दाबताना ती ताणली जाते, आणि ताणली की तिचा स्वर चढतो. ट्यूनरवर मोकळी तार बरोबर दाखवत असूनही कॉर्ड बेसूर का लागत होता, याचे उत्तर एवढे साधे होते. कान बरोबर ऐकत होता, आणि मी कानालाच दोष देत होतो. या एका गैरसमजापोटी किती जणांनी गिटार सोडली असेल, याचे मला आजही मनापासून वाईट वाटते.

ती गिटार दुरुस्त झाली नाही. नट नीट करता आला असता, पण सॅडल आधीच तळाला टेकलेला होता, म्हणजे मान पोटाला जोडतानाच तिचा कोन चुकला होता, आणि मान उखडून पुन्हा बसवण्याचे काम त्या गिटारीच्या किमतीला परवडणारे नव्हते. एफएस८०० घेण्याचे कारण ते.

यामाहाच्या पोलादी तारांच्या गिटारींची एफजी मालिका १९६६ साली सुरू झाली, आणि आजची ८०० मालिका २०१६ साली आली. कंपनी मुळात वाद्यांचीच आहे. तोराकुसु यामाहा यांनी १८८७ साली रीड ऑर्गनपासून सुरुवात केली आणि तीन ट्यूनिंग फोर्कचे चिन्ह आजही तिच्या वाद्यांवर असते. ८०० मालिकेत एफजी८०० आणि एफएस८०० या दोन भगिनी आहेत, आणि नवशिक्याला त्यांतला फरक सहसा कोणी समजावून सांगत नाही. एफजी मोठ्या, रुंद पोटाची आहे, म्हणजे ड्रेडनॉट घडणीच्या जवळची. ड्रेडनॉट हे नाव १९०६ सालच्या ब्रिटिश युद्धनौकेवरून पडले, आणि अमेरिकेच्या मार्टिन या गिटार कंपनीने या घडणीची गिटार १९१६ साली दुसऱ्या एका विक्रेत्यासाठी बनवून १९३१ पासून स्वतःच्या नावाने आणली. गाण्याच्या साथीला घुमणारा, भरदार खर्ज मिळावा म्हणून तिचे पोट एवढे मोठे. एफएसचे पोट रुंदीला कमी आणि कमरेला अधिक आत आलेले असते, त्यामुळे ती मांडीवर खाली बसते आणि उजवा खांदा वर उचलावा लागत नाही. खोली मात्र दोघींची जवळपास सारखीच, १०० ते १२० मिलिमीटरच्या घरात आहे. तेव्हा एफएस म्हणजे पातळ गिटार असे समजून कोणी घेऊ नये.

याहून महत्त्वाचा फरक तारेच्या लांबीत आहे. नटपासून सॅडलपर्यंत तारेचा जेवढा भाग कंप पावतो त्याला स्केल म्हणतात. एफजी८०० चे स्केल ६५० मिलिमीटर आहे, एफएस८०० चे ६३४. सोळा मिलिमीटरांनी काय होते, असे वाटेल. एकच तार त्याच स्वरात लावायची तर लागणारा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ६३४ च्या गिटारीवर तो सुमारे पाच टक्क्यांनी कमी असतो. फ्रेटही तेवढ्या प्रमाणात जवळ येतात. पहिला फ्रेट नटपासून ३६.५ मिलिमीटरवर असतो तो ३५.६ वर येतो. आकडे किरकोळ वाटतात, पण तर्जनी पहिल्या फ्रेटवर आडवी टाकून करंगळी तिसऱ्या फ्रेटपर्यंत ताणताना हा फरक हाताला कळतो. माझे पंजे मध्यम आहेत. दुकानात दोन्ही गिटारी एकामागून एक धरून पाहिल्या तेव्हा जी कॉर्डवरून सीवर जाताना एफएसवर मनगट वळवावे लागले नाही, आणि निवड तिथेच झाली.

एफएस८०० च्या पोटाची वरची फळी अखंड स्प्रूसची आहे, आणि या गटातल्या गिटारींत हे तिचे मोठे बलस्थान आहे. स्वस्त गिटारींची वरची फळी बहुधा प्लायवुडसारखी, पातळ थर चिकटवून केलेली असते. तिला लॅमिनेटेड म्हणतात. अखंड फळी मोकळेपणाने कंप पावते, वाजवत गेल्यावर तिचा आवाज हळूहळू खुलतो, आणि हलक्या हाताने छेडले तरी तार बोलते. हा शेवटचा गुण नवशिक्याला सर्वांत उपयोगी, कारण जोर न लावताही उत्तर देणारे वाद्य हात सैल ठेवायला शिकवते. आवाजाविषयी सांगायचे तर मधले स्वर स्वच्छ आणि एकमेकांपासून वेगळे ऐकू येतात; सावकाश एकेक तार छेडत कॉर्ड वाजवला तर चुकलेले बोट लगेच उघडे पडते. जोरात स्ट्रमिंग करून, म्हणजे सगळ्या तारा एकदम झंकारून, मोठ्या आवाजात गाणाऱ्याला मात्र खर्ज थोडा कमी वाटेल, आणि त्याने एफजी८०० चाच विचार करावा. नटची रुंदी दोघींची ४३ मिलिमीटर आहे. मान सडसडीत असून अंगठा मागून सहज टेकतो.

सी४० ची गोष्ट वेगळी आहे, कारण ती क्लासिकल घडणीची गिटार आहे. या घडणीला आजचे रूप दिले ते स्पेनच्या अंतोनिओ दे तोरेस यांनी एकोणिसाव्या शतकात, आणि ६५० मिलिमीटरचे स्केल रूढ होण्यामागेही त्यांचेच काम आहे. सी४० चे स्केल तेवढेच आहे. त्या काळी तारा आतड्याच्या असत. १९४० च्या दशकात गिटार बनवणाऱ्या अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा बनवल्या, आंद्रेस सेगोविया यांच्यासारख्या वादकाने त्या स्वीकारल्या आणि आतड्याच्या तारा मागे पडल्या. नवशिक्याच्या दृष्टीने यातला मुद्दा हा, की नायलॉनच्या सहा तारांचा एकत्रित ताण साधारण ४० किलो भरतो, तर पोलादी तारांच्या नेहमीच्या संचाचा ७० किलोंच्या वर जातो. शिवाय नायलॉनची तार जाड आणि मऊ असते, त्यामुळे ती बोटात रुतत नाही. माझी भाची तेव्हा दहा वर्षांची होती. तिने एफएसवर पाच मिनिटांत हात झटकला, आणि सी४० वर पहिल्याच दिवशी अर्धा तास बसली.

पण ही दुसरी बाजूही नीट समजून घ्यावी. सी४० चा नट ५२ मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे एफएसपेक्षा ९ मिलिमीटरांनी जास्त. तारांत भरपूर अंतर असल्याने एका तारेवरचे बोट शेजारच्या तारेला चुकून लागत नाही, आणि उजव्या हाताच्या बोटांनी वेगवेगळ्या तारा छेडायला शिकताना हे फार सोयीचे पडते. मात्र मान रुंद आणि फ्रेटबोर्ड सपाट असल्यामुळे लहान पंजाच्या माणसाला सहाव्या तारेपर्यंत पोहोचताना मनगट बरेच पुढे काढावे लागते, आणि तर्जनी आडवी टाकायचा कॉर्ड, ताण कमी असूनही, इथे वेगळ्या कारणाने अवघड होतो. म्हणून नायलॉनची गिटार सोपी असते हे सरसकट विधान मी करणार नाही. बोटांच्या टोकांना ती सोपी आहे, पंजाला नाही. फार लहान मुलांसाठी तर पूर्ण आकाराची सी४० घेऊच नये. तीन-चतुर्थांश किंवा अर्ध्या आकाराच्या गिटारी मिळतात, आणि मुलाचा हात नटपर्यंत कोपर न ताणता पोहोचतो की नाही हे बसवून पाहावे.

सी४० ची वरची फळी लॅमिनेटेड स्प्रूसची आहे. आवाजाची खोली आणि लांबण त्यामुळे मर्यादित राहते, आणि तीन-चार वर्षे मन लावून शिकलेल्याला ती कमी पडू लागते. पण अशी फळी हवेतल्या ओलाव्याच्या बदलांना जास्त टिकते, आणि घरात कुठेही ठेवल्या जाणाऱ्या मुलाच्या गिटारीसाठी हा गुण लहान नाही. एका गोष्टीची मात्र आधीच कल्पना असावी. नायलॉनच्या नव्या तारा बरेच दिवस सैल पडत राहतात. पहिले दोन-तीन आठवडे दर बैठकीला, कधी मध्येच, पुन्हा सुरात लावावे लागते, आणि तो वाद्यातला दोष नसतो. तसेच या घडणीच्या गिटारीला पोलादी तारा कधीही चढवू नयेत. ती हलक्या ताणासाठी बांधलेली असते, आणि जवळपास दुप्पट ताण पडला की ब्रिज उचलला जातो किंवा मान वाकते.

मग या दोहोंतली कोणती घ्यावी? याचे उत्तर वाजवायचे काय आहे यावर आहे, आणि ते प्रामाणिकपणे ठरवायला हवे. मनातले संगीत जर गाणे आणि त्यामागची कॉर्डची साथ असे असेल, पिकने तारा झंकारण्याची ओढ असेल, तर एफएस८०० घ्यावी आणि पहिल्या महिन्यातले बोटांचे दुखणे सोसावे. घट्टे पडले की ते थांबते. एकट्याने बसून बोटांनी सूर आणि खर्ज एकाच वेळी वाजवायचा असेल, किंवा बोटे खरोखर नाजूक असतील, तर सी४०. केवळ सुरुवात सोपी जावी म्हणून नायलॉन घेऊन नंतर पोलादाकडे वळण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, तो मला पटत नाही. ज्या आवाजासाठी शिकायला निघालो तो आवाजच रोज कानावर पडला नाही तर माणूस गिटार उचलत नाही. हाच न्याय इलेक्ट्रिक गिटारीलाही लागू आहे. तिच्या तारा सर्वांत बारीक आणि सहसा सर्वांत खाली बसवलेल्या असतात, म्हणून हाताला ती सर्वांत हलकी. रॉकच आवडत असेल तर आधी अकूस्टिकवर, म्हणजे विजेविना वाजणाऱ्या गिटारीवर, वर्षभर घालवण्याची अट कोणी घालून घेऊ नये. फक्त अँप्लिफायरचा खर्च आणि जागा आधीच धरावी.

मॉडेल ठरले म्हणजे निवड संपली असे नाही, आणि या परीक्षणात मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे ते इथे. एकाच मॉडेलच्या दोन गिटारी हातात घेतल्या तरी त्या सारख्या नसतात. लाकूड वेगळे, प्रवास वेगळा, दुकानातले महिने वेगळे. म्हणून आपण घेणार ती नेमकी गिटार तपासावी, आणि त्यासाठी वाजवता येण्याची गरज नाही. सोबत मिलिमीटरची पोलादी पट्टी आणि फोनमधला ट्यूनर एवढे पुरते.

आधी गिटार सुरात लावून घ्यावी, कारण सैल तारांची गिटार तपासण्यात अर्थ नसतो. मग बाराव्या फ्रेटवर तारेची खालची कड आणि फ्रेटचा माथा यांतले अंतर मोजावे. पोलादी तारांच्या गिटारीत सर्वांत जाड तारेखाली २.५ मिलिमीटरच्या आसपास आणि सर्वांत बारीक तारेखाली २ च्या आसपास असले तर उत्तम. जाड तारेखाली ३ च्या वर गेले तर सेटअप, म्हणजे कारागिराकडून गिटार नीट जुळवून घेणे, लागणार हे धरून चालावे. नायलॉनच्या तारा जास्त पसरून कंप पावतात म्हणून तिथे ४ आणि ३ हे माप चालते. त्यानंतर ओळखपत्राची ती परीक्षा, तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवरची फट पाहण्याची. ज्याला तर्जनीचा आडवा कॉर्ड येतो असा मित्र सोबत असेल तर आणखी एक खूण आहे. तोच आकार तिसऱ्या फ्रेटवर सहज वाजतो आणि पहिल्यावर वाजत नाही असे झाले, तर दोष जवळपास नक्की नटचा.

यानंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून एकेकदा छेडावी. सहा तारा आणि बारा फ्रेट धरले तर बहात्तर स्वर होतात, आणि पाच मिनिटांहून जास्त वेळ जात नाही. एखादा स्वर खरखरत असेल, किंवा दोन शेजारच्या फ्रेटवर एकच स्वर येत असेल, तर एखादा फ्रेट वर उचललेला आहे. मग बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोट केवळ स्पर्शून छेडावी आणि घंटेसारखा मोकळा स्वर, म्हणजे हार्मोनिक, काढावा आणि तीच तार त्याच फ्रेटवर दाबून स्वर काढावा. ट्यूनरवर दोन्ही जुळायला हवेत. दाबलेला स्वर ठळकपणे चढा आला तर ती गिटार आहे त्या स्थितीत वरच्या फ्रेटवर सुरात बोलणार नाही. मानेच्या दोन्ही कडांवरून तळवा हलकेच फिरवावा. फ्रेटची टोके टोचली तर ती घासून घ्यावी लागतील. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकतो का तेही पाहावे. सरकत असेल तर ब्रिज सुटू लागला आहे, आणि अशी गिटार कितीही सवलतीत मिळाली तरी घेऊ नये. शेवटी खुंट्या. त्या सहज पण थोड्या घट्ट फिरायला हव्यात, आणि उलट दिशेला वळवताना काही अंतर मोकळ्या फिरता कामा नयेत.

या तपासण्यांत गिटार थोडी उणी निघाली तर नाउमेद व्हायचे कारण नाही. बहुतेक गिटारींना सेटअप करून घेतला की त्या बदलतात. कारागीर सॅडल खालून घासतो, नटच्या खाचा खोल करतो आणि मानेतली पोलादी सळई, म्हणजे ट्रस रॉड, पाहिजे तेवढी फिरवतो. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर उतरवायचा असेल तर सॅडल एक मिलिमीटर घासावा लागतो, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. हे घरी करून पाहण्याचा मोह टाळावा. घासलेला सॅडल पुन्हा वाढत नाही, आणि ट्रस रॉड हा मानेचा बाक नीट करण्यासाठी असतो, उंची उतरवण्यासाठी नव्हे. माझी एफएस८०० मी घेतली तेव्हा जाड तारेखाली २.७ मिलिमीटर होती. वाजवण्यास अडचण नव्हती, तरी सेटअप करून ती २.३ वर आणली, आणि त्यावर केलेला खर्च हा गिटारीवर केलेला माझा सर्वांत सार्थ खर्च ठरला.

वापरलेली गिटार घेण्यात काही गैर नाही, उलट नीट तपासली तर चांगली अखंड फळीची गिटार त्याच पैशांत मिळून जाते. फक्त जुन्या तारांमुळे आवाज मंद लागतो हे लक्षात घेऊन निर्णय करावा.

तारांबद्दल थोडे. पोलादी तारांच्या गिटारीवर सहसा ०.०१२ इंचांपासून सुरू होणारा संच असतो. बोटे फार दुखत असतील तर ०.०११ चा, किंवा काही महिन्यांपुरता ०.०१० चा संच चढवावा. ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे सर्वांत बारीक तारेवर तो अनुक्रमे सुमारे १६ आणि ३० टक्क्यांनी उतरतो. आवाज थोडा बारीक होतो, पण रोजचा सराव पंधरा मिनिटांवरून चाळीसवर जात असेल तर मी तो सौदा आनंदाने करीन. मी पहिले सहा महिने ०.०११ वापरल्या आणि मग मूळ जाडीवर आलो.

गिटारीसोबत क्लिपवाला ट्यूनर, कॅपो (मानेवर लावून सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा), दोन-तीन वेगवेगळ्या जाडीचे पिक आणि जाड अस्तराची पिशवी एवढेच घ्यावे. कॅपोचा नवशिक्याला एक छुपा उपयोग आहे. तो दुसऱ्या फ्रेटवर लावला की तारा खाली येतात, फ्रेट जवळ येतात आणि कॉर्डचे आकार हलके होतात, त्यामुळे सेटअप होईपर्यंतचे आठवडे वाया जात नाहीत. अखंड फळीच्या गिटारीसाठी हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास असावी. फार कोरड्या हवेत फळीला चीर जाते, फार ओलसर हवेत ती फुगून तारा वर उचलते. एफएस८०० मी वाजवून झाली की पिशवीत ठेवतो आणि पिशवीत एक छोटा आर्द्रतामापक असतो. सी४० भिंतीवरच्या खुंटीला, हात पोहोचेल अशा उंचीवर टांगलेली असते. ती दिसते म्हणून भाची येताजाता उचलते. मागच्या महिन्यात तिने तिच्यावर एफ कॉर्ड पहिल्यांदा सहाही तारा वाजवून धरला, आणि आता तिला ०.०११ च्या तारा लावून एफएसवर तोच कॉर्ड धरून पाहायचा आहे. संच आणून ठेवला आहे.